रॉड जळण्याआधीचा सराव: वेल्डिंग सिम्युलेटर आणि सामायिक कार्यशाळा

३.१५ मिलिमीटरचा एक वेल्डिंग रॉड जळून संपायला साधारण मिनिटभर लागते. त्या मिनिटात नवशिक्याला रॉडचे टोक आणि लोखंड यांतले अंतर राखायचे असते, रॉडचा कोन सांभाळायचा असतो, हात एकाच वेगाने पुढे न्यायचा असतो आणि रेघ सरळ ठेवायची असते. रॉड जळत आखूड होत जातो, त्यामुळे पुढे सरकणारा हात त्याच वेळी खालीही आणावा लागतो. काळ्या काचेतून एक लखलखीत ठिपका आणि त्याच्या भोवतीचे थोडेसे वितळलेले लोखंड, एवढेच काय ते दिसते. रॉड संपला की स्लॅग (वर जमलेले कवच) ठोकायचा, ब्रश मारायचा आणि मग समजते की रन, म्हणजे वेल्डची रेघ, अर्ध्यावरच वाट चुकला होता. नेमका कुठे आणि कशामुळे, हे सांगू शकेल असा शिक्षक त्या घटकेला दुसऱ्या बूथमध्ये कुणाचा तरी चिकटलेला रॉड सोडवत असतो.

वेल्डिंगचे शिक्षण महाग आणि संथ का, याचे उत्तर या मिनिटात आहे. चूक घडते तेव्हा दिसत नाही आणि दिसते तेव्हा हात थांबलेला असतो. या अडचणीवर गेल्या पंधरा-सोळा वर्षांत सिम्युलेटर हे यंत्र पुढे आले. आधी ते मोठ्या प्रशिक्षण संस्थांत आणि कारखान्यांच्या शाळांत बसले. आता सदस्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या कार्यशाळा, फॅब लॅब, गावपातळीवरची तंत्रशिक्षण केंद्रे यांच्यापुढेही ‘आपण घ्यावा का?’ हा प्रश्न येतो. हे यंत्र काय शिकवते, काय शिकवू शकत नाही, त्यावरचे अभ्यास काय सांगतात आणि अनेकांनी मिळून वापरायच्या जागेत त्याला कोणते काम द्यावे, याचा हा आढावा.

यंत्र नेमके काय मोजते

धोक्याचे काम आधी सुरक्षित जागी शिकवावे, ही कल्पना जुनी आहे. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारे यंत्र बनवले आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यावर तयार झाले. वेल्डिंगला अशा यंत्रासाठी बरीच वाट पाहावी लागली. विमानात हात दांड्यावर असतो आणि दांडा किती हलला हे मोजणे सोपे. वेल्डरचा हात मोकळ्या हवेत असतो, आणि तो मिलिमीटरच्या हिशोबात मोजायचा तर तेवढी बारीक मोजणी करणारी साधने आणि वितळलेले लोखंड त्याच क्षणी पडद्यावर रंगवू शकणारे संगणक हवे होते. ते आवाक्यात आल्यावर, २००९-१०च्या सुमारास, अमेरिकेच्या लिंकन इलेक्ट्रिकचा व्हीआरटेक्स, ऑस्ट्रियाच्या फ्रोनियसचा व्हर्च्युअल वेल्डिंग, स्पेनच्या सीबेरीचा सोल्डामॅटिक अशी यंत्रे प्रशिक्षणाच्या बाजारात दिसू लागली. आपल्याकडे चेन्नईच्या स्किलव्हेरी या कंपनीने भारतीय प्रशिक्षण केंद्रे डोळ्यांपुढे ठेवून असे यंत्र बनवले.

ही यंत्रे ढोबळमानाने तीन जातींची आहेत. पहिल्या जातीत हेल्मेटच्या आत छोटे पडदे असतात आणि शिकणाऱ्याला दिसते ते सगळे संगणकाने रंगवलेले असते. समोर स्टँडवर प्लॅस्टिकचा टी-जॉइंट किंवा पाइप, हातात खऱ्या वजनाची गन किंवा होल्डर. हाताच्या आणि डोक्याच्या हालचाली चुंबकीय क्षेत्राच्या आधारे टिपल्या जातात. रॉडचे वेल्डिंग शिकवणाऱ्या काही यंत्रांत नकली रॉड मोटरने आत ओढला जातो, म्हणजे तो खऱ्यासारखा ‘जळतो’. दुसऱ्या जातीत हेल्मेटवर कॅमेरे असतात. शिकणाऱ्याला स्वतःचा खरा हात, खरे टेबल दिसते आणि जॉबवर छापलेल्या खुणांच्या आधाराने फक्त आर्क आणि रन वरून चढवलेले असतात. तिसऱ्या जातीत आर्क खरीच असते. मिलर कंपनीच्या लाइव्हआर्कसारख्या यंत्रात कॅमेरे गनची हालचाल पाहतात, आधी आर्क न लावता सराव करून घेतात आणि मग खऱ्या लोखंडावरच्या रनला गुण देतात. ही तिसरी जात काटेकोरपणे सिम्युलेटर नव्हे, पण कार्यशाळेच्या दृष्टीने ती विसरू नये.

तिन्ही जाती मोजतात त्या गोष्टी जवळपास सारख्याच. आर्कची लांबी साधारण रॉडच्या गाभ्याच्या जाडीइतकी असावी. वाढली तर शिंतोडे उडतात, रन पसरतो, छिद्रे राहतात आणि फारच घटली तर रॉड चिकटतो. वेग जास्त झाला तर रन बारीक पडतो आणि खाली मुरत नाही. कमी झाला तर ढीग साचतो आणि स्लॅग आर्कच्या पुढे धावून आत अडकतो. टी-जॉइंटमध्ये दोन्ही प्लेटना समान वाटा मिळावा म्हणून रॉड मधोमध, ४५ अंशांवर हवा. तो कलला की उभ्या प्लेटला अंडरकट (कडेला खाच) पडतो. रॉड ज्या दिशेने जायचा त्या दिशेला दहा-पंधरा अंश कललेला हवा. यंत्र या प्रत्येकाला वेगळे गुण देते, आलेख काढते आणि चूक सेंटिमीटरगणिक दाखवते. फ्रोनियसच्या यंत्रात आदर्श हालचाल करणारी एक सावलीसारखी गन पुढे चालते आणि शिकणाऱ्याने तिच्यामागून जायचे असते.

शिक्षक नेहमी म्हणतो, ‘आर्क लांब जातेय’. कुठे, किती, केव्हा, हे त्याला प्रत्येक वेळी दाखवता येत नाही. सिम्युलेटर ते दाखवतो, तेही पुढचा रन सुरू होण्याआधी. या यंत्राचे खरे सामर्थ्य एवढेच आहे, आणि ते थोडके नाही.

अभ्यास काय सांगतात

या विषयातले सर्वाधिक उल्लेखले जाणारे काम अमेरिकेतील आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टोन, वॉट्स, झोंग आणि सहकाऱ्यांचे, २०११ मधले. त्यांनी नवशिक्यांचे दोन गट केले. एक गट दोन आठवडे नेहमीच्या पद्धतीने शिकला. दुसऱ्याचा निम्मा वेळ सिम्युलेटरवर आणि निम्मा खऱ्या बूथमध्ये गेला. मग रॉडच्या वेल्डिंगच्या, चढत्या अवघडपणाच्या चार प्रकारांत दोघांचीही खऱ्या लोखंडावर प्रमाणपत्र परीक्षा घेतली. मिश्र गटाने मिळवलेली प्रमाणपत्रे सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त भरली. यंत्र विकणारे हा आकडा आवर्जून सांगतात. त्याच कामातले एक निरीक्षण मात्र ते फारसे सांगत नाहीत: सिम्युलेटरच्या गटातली मुले एकमेकांशी जास्त बोलत होती, एकमेकांच्या चुका पाहून शिकत होती. बूथमध्ये रन एकट्यालाच दिसतो. पडद्यावर तो सगळ्यांना दिसतो.

२०१३ मध्ये त्याच संस्थेने पुढचा प्रश्न विचारला: सगळेच शिक्षण सिम्युलेटरवर दिले तर? उत्तर सावध होते. सोप्या आणि मध्यम अवघड प्रकारांत केवळ सिम्युलेटरवर शिकलेले टिकले. अवघड प्रकारांत, म्हणजे उभ्या जॉबवर वगैरे, मिश्र पद्धतीने शिकलेले पुढे राहिले. हात वळवण्यापुरते आभासी लोखंड चालते, पण गुरुत्वाकर्षण वितळलेल्या धातूला खाली ओढू लागले की खऱ्याला पर्याय नसतो.

या निष्कर्षांच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. गट लहान होते, मुदत दोनच आठवड्यांची होती आणि शिक्षक प्रमाणित, अनुभवी होते. ‘सिम्युलेटरने शिकवले’ असे या अभ्यासातून निघत नाही. चांगल्या शिक्षकाच्या हाताशी सिम्युलेटर दिला तर तेवढ्याच वेळात जास्त शिकवता येते, एवढेच निघते.

दुसरा इशारा वेल्डिंगच्या बाहेरून येतो. शरीराने करायची कौशल्ये माणूस कशी शिकतो, यावर साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार प्रसिद्ध आहे. काम चालू असताना सतत मार्गदर्शन मिळत राहिले तर त्या वेळची कामगिरी सुधारते, पण माणूस त्या मार्गदर्शनावरच विसंबतो आणि ते काढून घेतले की घसरतो. सिम्युलेटरच्या पडद्यावरचे हिरवे-लाल बाण, पुढे चालणारी सावली, कोनाचे आकडे ही सगळी अशीच कुबडी ठरू शकतात. ९५ गुण मिळवणारा मुलगा बूथमध्ये गेल्यावर बाण शोधत राहतो, कारण तो बाण वाचायला शिकलेला असतो, वितळलेले लोखंड वाचायला नाही. म्हणून यंत्र कितीही चांगले असले तरी पहिल्या ओळखीनंतर बाण बंद करून रन मारायला लावणे आणि गुण शेवटी दाखवणे, हे शिक्षकाने ठरवायचे असते. बहुतेक यंत्रांत ही सोय असते. वापरली जातेच असे नाही.

यंत्राच्या आवाक्याबाहेरचे

वेल्डरला विचारले तर तो सांगेल की निम्मे काम आर्क लागण्याआधीच होते. प्लेटची कड घासून तिरपी करणे, गंज आणि रंग काढणे, गॅप राखून जुळवणे, टॅक (तात्पुरते टाके) मारणे, अर्थिंगचा क्लॅम्प नीट धरतो की नाही ते पाहणे, करंट लावणे. सिम्युलेटरवर जॉब आधीच जुळवलेला असतो, स्वच्छ असतो आणि टॅक कधी तुटत नाही. करंट मेनूतून निवडता येतो, पण लांब केबल, ढिला क्लॅम्प आणि गावातले कमी-जास्त होणारे व्होल्टेज मेनूत नसते. पावसाळ्यात ओल धरलेला रॉड, ओव्हनमध्ये तापवून न घेतलेला ७०१८ जातीचा रॉड हेही तिथे भेटत नाहीत.

दुसरी गैरहजर गोष्ट म्हणजे उष्णता. खरे लोखंड तापते आणि वाकते. चौकट चारही कोपऱ्यांत एकाच क्रमाने वेल्ड केली तर ती काटकोनात राहत नाही. म्हणून समोरासमोरचे कोपरे, थोडे थोडे अंतर सोडून रन, ही युक्ती शिकावी लागते. पहिल्या रनने जॉब तापलेला असतो, त्यामुळे तिसऱ्या रनला तोच करंट जास्त होतो. उष्णता हातमोज्यातून जाणवते आणि त्या जाणिवेनेच वेल्डर वेग बदलतो. प्लॅस्टिकचा जॉब शेवटपर्यंत थंडच असतो.

आपल्याकडच्या कामाच्या स्वरूपामुळे एक फरक आणखी ठळक होतो. सिम्युलेटरचे बहुतेक धडे परीक्षेच्या जॉबवर बेतलेले असतात: जाड प्लेट, जाड पाइप. महाराष्ट्रातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत ग्रिल, गेट, शेड, जिने बनतात ते पातळ चौकोनी पाइपचे. तिथे रॉड क्षणभर थांबला की भोक पडते. पातळ पत्र्यावर ठिपके जोडत जाण्याचे ते कसब वेगळेच आहे. साखर कारखान्यांत तर गाळप चालू असताना फिरत्या रोलरच्या दातांवर, रसाने ओल्या लोखंडावर, वेल्डर आर्किंग करत असतो, म्हणजे ऊस घसरू नये म्हणून धातूचे खडबडीत ठिपके चढवत असतो. असे काम कारखान्यात जुन्या माणसाशेजारी उभे राहूनच शिकता येते.

डोळ्यांची एक बाब सहसा ध्यानात येत नाही. डोक्यावर चढवायच्या पडद्यांत चित्र भिंगांमुळे ठरावीक, थोड्या लांबच्या अंतरावर असल्यासारखे दिसते. चाळिशी लागलेल्या माणसाला ते चष्म्याशिवायही स्पष्ट दिसू शकते. तोच माणूस खऱ्या हेल्मेटमधून हातभर अंतरावरचा रन पाहू लागला की त्याला धूसर दिसते आणि तो स्वतःच्या हाताला दोष देतो. सामायिक कार्यशाळेत पन्नाशीतले सदस्य बरेच असतात. त्यांना सिम्युलेटरच्या गुणांआधी जवळचा चष्मा किंवा हेल्मेटमध्ये बसणारे भिंग द्यावे.

आणि शेवटी भीती. पहिल्यांदा आर्क लागते तेव्हाचा कडकडाट, मनगटावर उडालेला शिंतोडा, चिकटलेल्या रॉडचा लाल होत जाणारा दांडा यांनी नवशिका दचकतो आणि हात मागे घेतो. सिम्युलेटर या भीतीचा निम्मा भाग, म्हणजे ‘मला जमेल का’ हा भाग, नक्कीच कमी करतो. ज्यांनी कधी अवजार हातात धरलेले नाही अशांना, विशेषतः दुकानात उस्तादाच्या हाताखाली सहज उभे राहता न येणाऱ्या मुलींना, ही मोठी सोय आहे. उरलेला निम्मा भाग खऱ्या ठिणग्यांपुढेच जातो.

सामायिक कार्यशाळेचे गणित

सामायिक कार्यशाळा म्हणजे आयटीआय नव्हे आणि कारखानाही नव्हे. आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडची मुदत एक वर्ष, प्रवेश आठवी पासवर, आणि रोज तेच विद्यार्थी, तोच निदेशक. सामायिक कार्यशाळेत शिल्पकार येतो, शेतकरी औत दुरुस्त करायला येतो, अभियांत्रिकीचा विद्यार्थी प्रकल्पासाठी येतो, निवृत्त माणूस हौसेने येतो. प्रत्येकाची तयारी वेगळी, वेळ वेगळा. अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या टेकशॉपने ही कल्पना व्यवसाय म्हणून चालवून पाहिली. तिथे प्रत्येक मोठ्या यंत्रासाठी आधी सुरक्षेचा आणि प्राथमिक वापराचा वर्ग करावा लागे, मगच यंत्राला हात. २०१७ मध्ये टेकशॉप दिवाळखोरीत निघाले. यंत्रे विकत घेणे सोपे, ती वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचा खर्च वर्गणीतून काढणे अवघड, हा त्या अनुभवाचा धडा आजही लागू आहे.

या प्रवाहाचा एक उगम महाराष्ट्रात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ इथे विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला लागणारी कामे करता करता तंत्र शिकायचे, हे तिथले सूत्र. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, अन्नप्रक्रिया असे सगळे थोडे थोडे शिकवणारा अभ्यासक्रम तिथे घडला आणि पुढे शाळांतही गेला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅबची कल्पना मांडली, तेव्हा त्या संस्थेबाहेरच्या पहिल्या लॅबपैकी एक २००२ मध्ये याच पाबळमध्ये उभी राहिली. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेले आणि पुढे गोव्यात गेलेले मेकर्स असायलम हे शहरी वळणाचे उदाहरण. फॅब लॅबच्या नेहमीच्या संचात लेझर कटर, राउटर, थ्रीडी प्रिंटर असतात. वेल्डिंग त्यात हमखास असतेच असे नाही. पाबळमध्ये मात्र ते लॅबच्या आधीपासून होते, कारण गावाला लेझर कटरपेक्षा औताला टाका मारणारा हात आधी लागतो.

अशा जागेत सिम्युलेटरच्या बाजूने बोलणारे मुद्दे ठोस आहेत. तो साध्या प्लगवर चालतो, कोपऱ्यात मावतो, धूर काढत नाही, शेजारच्या सुतारकामाच्या भुशाला आग लावत नाही आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना त्रास देत नाही. मुख्य म्हणजे तो सरावाची आवर्तने वाढवतो. हाताने करायच्या वेल्डिंगमध्ये प्रत्यक्ष आर्क पेटलेली असते ती तासातली काही मिनिटेच. बाकी वेळ ठोकणे, घासणे, जुळवणे, थंड होण्याची वाट पाहणे यात जातो. दोन बूथ आणि दहा माणसे असली तर एका संध्याकाळी एकाच्या वाट्याला मोजके रॉड येतात. सिम्युलेटरवर तोच माणूस वाट पाहण्याच्या वेळात कितीतरी जास्त रन मारतो, आणि बाकीचे पडद्यावर पाहतात.

विरोधी मुद्देही तितकेच ठोस. परदेशी बनावटीचे पूर्ण यंत्र लाखांच्या घरात जाते. त्याचे सुटे भाग, सॉफ्टवेअरचे परवाने, दुरुस्ती कंपनीच्याच हातात. नकली रॉडचे टोक किंवा गनची वायर तुटली आणि भाग वेळेवर आला नाही, तर यंत्र कापडाखाली झाकून ठेवावे लागते. याउलट दहा-पंधरा हजार रुपयांत लहान इन्व्हर्टर मशीन येते आणि ते कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होते. साहित्याची बचत हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा, पण साध्या लोखंडावर रॉडच्या वेल्डिंगसाठी तो फारसा टिकत नाही. फॅब्रिकेशनच्या दुकानातले तुकडे भंगाराच्या भावाने मिळतात, आणि ६०१३ हा स्वस्तातला रॉड आहे.

हिशोब बदलतो तो टिगच्या, म्हणजे टंगस्टन आणि आरगॉन वायू वापरून केलेल्या, वेल्डिंगला. आरगॉनचा सिलिंडर, टंगस्टन, स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा, सगळेच महाग. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर, कधी पायाखाली पेडल. टंगस्टन वितळलेल्या धातूला टेकले की काम थांबवून पुन्हा धार लावायची. इथे नवशिक्याचा पहिला सराव आभासी जॉबवर झाला तर खरोखर पैसे वाचतात. सामायिक कार्यशाळेने सिम्युलेटरचा विचार करताना पहिला प्रश्न हाच विचारावा: आपल्याकडे कोणते वेल्डिंग शिकवले जाणार आहे?

गुण म्हणजे परवाना नव्हे

सामायिक जागेत सिम्युलेटरचा सर्वांत मोहक आणि सर्वांत धोकादायक उपयोग एकच: चाळणी. ‘८० गुण मिळाले की एकट्याने मशीन वापरा’ असा नियम करणे व्यवस्थापकाला सोयीचे वाटते. पण यंत्र मोजते ते हाताचे वळण. वेल्डिंगमध्ये माणसे जखमी होतात ती वेगळ्याच कारणांनी.

ओल्या मोज्यांनी होल्डरमध्ये रॉड बदलताना शॉक बसतो. पावसाळ्यात सिमेंटच्या ओल्या जमिनीवर हा धोका वाढतो. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिली तर अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो, आणि त्रास सुरू होतो तो काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा. सामायिक जागेत ही इजा वेल्डरइतकीच शेजारून जाणाऱ्यालाही होते, म्हणून बूथला पडदा हवाच. जस्ताचा मुलामा असलेला पाइप न घासता वेल्ड केला तर त्या धुराने ताप भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्यामुळे धूर तोंडाजवळूनच ओढून घेणारी सोय ही चैन राहिलेली नाही. आगीचा धोका वेगळाच. अमेरिकी नियम वेल्डिंगच्या जागेपासून ३५ फुटांच्या आत जळण्याजोगे काही नसावे, असल्यास ते झाकावे आणि काम संपल्यावरही किमान अर्धा तास कुणी लक्ष ठेवावे असे सांगतात. सुतारकाम, थ्रीडी प्रिंटिंग आणि वेल्डिंग एकाच शेडमध्ये असणाऱ्या कार्यशाळेत हे अंतर पाळणे हेच मोठे काम आहे.

यातले काहीही सिम्युलेटरवर घडत नाही, त्यामुळे त्यावर शिकलेला माणूस निर्धास्त होण्याची शक्यता असते. म्हणून परवानगीसाठी दोन अटी असाव्यात. हाताची तयारी यंत्राने किंवा शिक्षकाने तपासावी. केबल, अर्थिंग, मोजे, सुती कपडे, बंद बूट, पडदा, पंखा, अग्निशामक आणि खिशातला लायटर या गोष्टी मात्र माणसाने माणसासमोर उभे राहून तपासाव्यात. दुसरी अट पहिलीच्या गुणांनी भरून निघत नाही.

प्रमाणपत्राबद्दलही स्पष्टता हवी. भारतात वेल्डर घडवण्याच्या पद्धतीसाठी आयएस ८१७ आणि त्याच्या परीक्षेसाठी आयएस ७३१० ही मानके आहेत. निर्यातीच्या किंवा दाबपात्रांच्या कामात आयएसओ ९६०६, एएसएमईचा नववा भाग लागतो. बॉयलरवर हात लावायचा तर बॉयलरच्या नियमांखालची वेगळी परीक्षा. या सगळ्यांत निकाल ठरतो तो खऱ्या जॉबवर: डोळ्यांनी तपासणी, तोडून किंवा वाकवून पाहणे, गरजेनुसार एक्स-रे. सिम्युलेटरवरचा कितीही मोठा गुणांक यांपैकी कुठल्याही परीक्षेची जागा घेत नाही. थोड्या दिवसांत केवळ सिम्युलेटरवर ‘वेल्डर तयार’ करण्याचे आश्वासन देणारी जाहिरात दिसली, तर नोकरीच्या शोधातल्या मुलाने तिच्याकडे संशयानेच पाहावे.

बसवायचा कसा

अभ्यास, शिक्षकांचा अनुभव आणि सामायिक जागेच्या अडचणी एकत्र धरल्या तर एक क्रम सुचतो. पहिल्याच दिवशी, सुरक्षेच्या माहितीनंतर, प्रत्येकाने शिक्षकाच्या देखरेखीखाली खरी आर्क लावावी. आवाज, प्रकाश आणि वास यांची ओळख झाल्यावर सिम्युलेटरवरचा सराव कशासाठी चालला आहे हे कळते. नंतर सिम्युलेटर: सुरुवातीचे थोडे रन बाणांसह आणि एकाच गोष्टीवर लक्ष देऊन, आधी आर्कची लांबी, मग वेग, मग कोन. लगेच बाण बंद. मग त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, तोच जॉब खऱ्या बूथमध्ये. सिम्युलेटरचा सराव आणि बूथ यांत आठवड्याचे अंतर पडले तर हात विसरतो.

खऱ्या रनची तपासणी मोबाइलच्या फोटोवर सोडू नये. टी-जॉइंट शिकंज्यात धरून हातोड्याने तोडावा आणि मुळाशी वितळ झाली होती की नाही ते सगळ्यांनी मिळून पाहावे. हा खर्च जवळजवळ शून्य आहे आणि यातून जे शिकायला मिळते ते कुठल्याही आलेखातून मिळत नाही. सिम्युलेटरने चांगले गुण दिलेला हात इथे नापास झाला, तर करंट, जोडणी किंवा सफाई यांतले काहीतरी चुकले आहे हेही लगेच समजते.

उभे आणि डोक्यावरचे वेल्डिंग आले की सिम्युलेटरचा वाटा कमी करावा. तिथे तो फक्त अंगाची ठेवण आणि हाताची लय बसवण्यापुरता. पुढे काम खरे असावे: कुणाच्या तरी घरचा स्टँड, शाळेचे बाक, गोठ्याचे फाटक. पाबळच्या पद्धतीचे मर्म हेच होते. ज्या वस्तूवर उद्या कुणीतरी बसणार आहे तिचा सांधा माणूस वेगळ्या काळजीने मारतो.

आता खरेदीचा प्रश्न. नव्या किंवा तुटपुंज्या पैशांवर चालणाऱ्या कार्यशाळेने आधी वेळ देऊ शकणारा चांगला शिक्षक शोधावा, मग धूर ओढण्याची सोय, पडदे, चांगली हेल्मेट आणि मोजे घ्यावेत, नंतर दोन-तीन साधी मशीन आणि भंगाराचा पुरवठा पक्का करावा. एवढे झाल्यावर बूथसमोर रांग लागत असेल, टिग शिकवायचे असेल किंवा दर महिन्याला नवे नवशिके येत असतील, तर सिम्युलेटर घ्यावा; तोही शक्य असल्यास तालुक्यातल्या आयटीआयबरोबर किंवा दोन-तीन संस्थांनी मिळून. घेण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: बाण पूर्ण बंद करता येतात का, सुटे भाग किती दिवसांत आणि कुठून मिळतात, आणि परवान्याची मुदत संपल्यावर यंत्र चालू राहते का. तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली नाहीत, तर ते पैसे शिक्षकाच्या मानधनात आणि रॉडमध्ये घालावेत. सिम्युलेटर नसलेली कार्यशाळा वेल्डर घडवू शकते; शिक्षक आणि खरा बूथ नसलेली कार्यशाळा घडवू शकत नाही.